पहिली सात मिनिटं

४ जानेवारी

प्रिय दादा,

तुझ्या संस्थेचं पत्र मिळालं. पाकिटावर माझं नाव बरोबर लिहिलंय, अकरा वर्षं सभासद राहिल्याचं चीज झालं म्हणायचं. आत छापील कागदावर एकच ओळ आहे: 'चित्रपटास ध्वनी नाही. तांत्रिक दोष दूर करून पुन्हा सादर करावा.' खाली निवड उपसमितीच्या तिघांच्या सह्या आणि संस्थेचा गोल शिक्का.

फिल्म कुणावर आहे हे तुला सांगायला नको, पण तुमच्या उपसमितीला सांगायला हवं असं दिसतंय, तेव्हा हे पत्र त्यांनाही वाचायला दे. फिल्म तुझ्या आईवर आहे, म्हणजे माझ्या मावशीवर. चौथ्या वर्षी तापात तिचे कान गेले. पुढे चौतीस वर्षं तिने छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. यंत्रांच्या खडखडाटाने बाकीच्यांची डोकी उठायची, तिचं कधी उठलं नाही. फिल्मची पहिली आठ मिनिटं छापखाना दिसतो आणि आवाज नाही, कारण तिच्यासाठी तो तसाच होता. आठ मिनिटं झाली की सगळी यंत्रं एकदम ऐकू यायला लागतात आणि बघणारा खुर्चीत दचकतो. तो तिथे नेमका दचकावा म्हणून मी दोन वर्षं घासली. तुमच्या तिघांनी सात मिनिटं झाल्यावर बंद केलं. सातच मिनिटं बघायची असा नियम आहे म्हणे. आठवं मिनिट बघितलं असतं तर काय यांच्या अंगावरचं मांस झडलं असतं?

आता खरं कारण. मागच्या महिन्यात मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी नेलं होतं, तू मीटिंगमध्ये होतास. नजर भराभर मंदावतेय. उन्हाळा संपेपर्यंत काय राहील ते सांगता येत नाही म्हणाले. जिचं सगळं ऐकणं डोळ्यांवर चालतं तिचं हे. माझ्या लहान पडद्यावर तिला स्वतःच्या हातांच्या खुणासुद्धा दिसत नाहीत. तिने मला चिठ्ठी लिहून दिलीय: 'मोठ्या पडद्यावर, सभागृहात, लोकांत बसून बघायची आहे.' मोठा पडदा तुमच्याकडे आहे. प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा सभागृह मिळेल, असं तुमच्याच नियमावलीत बाराव्या क्रमांकाला छापलंय. अकरा वर्षांत मी एकदाही मागितलेलं नाही. आता मागते आहे.

फोन का केला नाहीस म्हणशील. आपल्या घरात महत्त्वाचं काही असलं की लिहूनच सांगतात, ती सवय मावशीमुळेच लागली. शिवाय फोनवर तू 'बघतो' म्हणून मोकळा होतोस. तेच कागदावर लिहिताना माणसाला थोडी तरी लाज वाटते.

तुझी,
भिंगरी


१९ जानेवारी

सन्माननीय सभासद,

आपले दि. ४ जानेवारीचे पत्र संस्थेस प्राप्त झाले. संस्था स्वतंत्र चित्रपटकर्मींच्या हितासाठी, कोणत्याही नफ्याच्या अपेक्षेविना कार्यरत आहे, हे आपण जाणताच. गतवर्षी निवड उपसमितीने एकशे बेचाळीस चित्रपटांचे परीक्षण केले. सर्वांना समान न्याय मिळावा यासाठी प्रत्येकी सात मिनिटांची मर्यादा ठेवण्यात आली आहे. आपल्या चित्रपटातील ध्वनीविषयीचा अभिप्राय उपसमितीने कायम ठेवला आहे.

सभागृह फेब्रुवारीअखेर सभासदांसाठीच्या कार्यशाळांकरिता राखीव आहे. 'आपला चित्रपट प्रेक्षकांपर्यंत कसा न्यावा' या कार्यशाळेचा लाभ आपण अवश्य घ्यावा.

आपला विश्वासू,
कार्यालयीन सचिव

(हाताने लिहितोय. भिंगरे, रागावू नकोस, मला हे असंच लिहावं लागतं. उपसमितीच्या कामात सचिवाला तोंड घालता येत नाही. तू त्या कार्यशाळेला ये. साहेबांच्या नजरेला पडलीस की पुढचं सोपं जाईल. आईची काळजी करू नकोस, तिचं मी बघतो. दादा.)


११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आले की रे तुझ्या कार्यशाळेला.

चित्रपट प्रेक्षकांपर्यंत कसा न्यावा हे शिकवायला तुम्ही तेच सभागृह अडवलं होतं, जिथे मला माझा चित्रपट प्रेक्षकांपर्यंत न्यायचा आहे. हे मी दारातल्या बाईंना दोनदा समजावून सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि माझ्या ओढणीला नावाचा बिल्ला लावला.

मार्गदर्शक म्हणून ज्यांना आणलं होतं त्यांनी आयुष्यात एकही फिल्म केलेली नाही. हे त्यांनीच सांगितलं, आणि वर म्हणाले की त्यामुळे दृष्टी निर्मळ राहते. मोठ्या पडद्यावर, हो, त्याच मोठ्या पडद्यावर, त्यांनी दोन वर्तुळं दाखवली. एकात 'तुम्ही', दुसऱ्यात 'ते'. मग मध्ये एक बाण आला. त्या बाणावर चाळीस मिनिटं गेली. आम्ही तेवीस जण बसलो होतो, त्यातल्या निम्म्यांनी तरी कर्ज काढून, घरच्यांची बोलणी खाऊन फिल्म केल्यात. आम्ही ती वर्तुळं वहीत उतरवून घेतली. मीही घेतली, त्याची मला आता किळस येते. पाण्यावर माहितीपट करणारे एक वयस्क गृहस्थ उठले आणि सभासदाची फिल्म या पडद्यावर शेवटची कधी लागली होती असं त्यांनी विचारलं. तुझे साहेब हसून म्हणाले, प्रश्न छान आहे, अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये लिहा. फॉर्म मी बघितला. त्यात चहा कसा होता, खुर्च्या कशा होत्या आणि मार्गदर्शक कसे होते एवढंच भरायचं होतं. मग वार्षिक अहवालासाठी सगळ्यांचा फोटो झाला. पहिल्यात आम्ही पुरेसे समाधानी दिसलो नाही म्हणून दुसरा काढला.

माणसं साखर कारखान्यात कारकुनी करतात, देवळाच्या समित्या चालवतात, त्यांचं मी समजू शकते. पण ज्याला फिल्म बघायचा कंटाळा आहे त्याने फिल्मवाल्यांची संस्था कशासाठी काढावी? आणि काढलीच तर आमची सेवा करतो असं निदान तोंड वर करून सांगू नये.

एक गोष्ट मात्र हाती लागली. फोटोनंतर मी जिना चढून यंत्रवाल्या काकांच्या खोलीत गेले. सरळ माणूस आहे. गेल्या वर्षी पडद्यावर सभासदांच्या दोन फिल्म लागल्या, बाकी सगळे बाण आणि वर्तुळं, असं ते म्हणाले. माझ्या फिल्मचं नाव सांगितलं तसे ते थांबले. ती डिसेंबरात खालच्या परीक्षणाच्या खोलीत पूर्ण लागली होती, एक तास बारा मिनिटं. यंत्रात नोंद राहते, ती त्यांनी मला दाखवली. त्या वेळी ते जेवायला गेले होते. परत आले तेव्हा खोलीला आतून कडी होती आणि दाराच्या काचेतून अंधारात एकाच माणसाची पाठ दिसत होती, तो कोण ते त्यांना ओळखू आलं नाही.

दादा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे त्या तिघांत एक जण तरी असा आहे जो माझी फिल्म शेवटपर्यंत बघत बसला. बाकी दोघांनी त्याचं चालू दिलं नसणार. तो कोण ते शोध, आणि त्याला माझा नमस्कार सांग. त्याला मी एकदा भेटले तर सभागृहाचं होऊन जाईल.

मावशी विचारते आहे, तारीख ठरली का.

भिंगरी


२८ मार्च

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. वार्षिक अहवालाचं काम होतं, तुमचा फोटो चौथ्या पानावर आहे.

तू संस्थेला पोटभर शिव्या दिल्यास, आता जरा माझं ऐक. मी इथे चौदा वर्षं आहे. ज्या दोन फिल्म गेल्या वर्षी लागल्या त्यातल्या एकीला सहा माणसं आली होती. त्यात करणारी बाई स्वतः, तिचा नवरा आणि मी धरून. संस्थेचे सभासद तीनशेच्या वर आहेत. तू आली होतीस? ते पाण्यावरचे गृहस्थ आले होते? तुम्हाला सगळ्यांना पडदा हवा असतो तो स्वतःची फिल्म दाखवायला, दुसऱ्याची बघायला एकही कुत्रं फिरकत नाही. तुम्ही एकमेकांच्या फिल्म बघितल्या असत्यात तर सभागृहात बाण दाखवायची कुणाची हिंमत झाली नसती. साहेबांना चित्रपटांतलं ओ की ठो कळत नाही, मान्य. पण तुमची ही जमात त्यांच्याच लायकीची आहे.

आणि दुसऱ्याचं घर चव्हाट्यावर मांडायचं याला तुम्ही काय समजता कोण जाणे. एक म्हातारी बाई गॅलरीत बसून कपड्यांच्या घड्या घालतेय, तिला हसवायचं, बोलतं करायचं, कित्येक वर्षांपूर्वीचं काहीबाही तिच्याकडून काढून घ्यायचं आणि खाली पाट्या लावून जगाला वाचायला द्यायचं. त्यात धाडस ते कसलं?

आईला मी सांगितलंय की संस्थेचं यंत्र बिघडलंय. तूही तेच सांग. पूर्ण फिल्म कुणी बघितली ते मला कळलेलं नाही.

दादा


२ एप्रिल

दादा,

कपड्यांच्या घड्यांचा प्रसंग एकसष्टाव्या मिनिटाला येतो.

ती गॅलरी तुमच्या घराची नाही, माझ्या घराची आहे. चित्रण झालं त्या दिवशी तू बाहेरगावी होतास. मावशीला विचारलं, तिने तुला त्यातलं अक्षर सांगितलेलं नाही.

आतून कडी लावून बसलेला तूच होतास. त्या गॅलरीत ती काय सांगते हेही तू वाचलंस. मी ते तुला आधी दाखवायला हवं होतं, माझी छाती झाली नाही. पण 'ध्वनी नाही' हे कुणी लिहिलं ते मला आता तुझ्याच हातचं हवं आहे.

भिंगरी


९ एप्रिल

भिंगरी,

मीच लिहिलं.

उपसमिती बसलीच नव्हती. ती गेल्या तीन वर्षांत बसलेली नाही. वर्षाच्या सुरुवातीला ते तिघं कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यावर सह्या करून देतात आणि वरचा मजकूर मी भरतो. एकशे बेचाळीस चित्रपटांचं परीक्षण म्हणजे मी, माझा डबा आणि ती खोली. मी प्रत्येकाची सात मिनिटं खरंच बघायचो, एवढं तरी माझ्या बाजूने धर. तुझी पूर्ण बघितली कारण ती आईवर होती. शेवटी उठून फॉर्म घेतला, आणि अडवायला काय कारण लिहावं याचा फार विचारसुद्धा करावा लागला नाही. आमच्याकडे फिल्म अडवायची तर कुणाला पटवावं लागत नाही, भांडावं लागत नाही. कुणी विचारतच नाही. तू साहेबांना नावं ठेवतेस, पण त्यांचा हा निष्काळजीपणा त्या दिवशी मला पांघरुणासारखा वाटला.

आता गॅलरीतलं. मी दहा वर्षांचा होतो. शाळेत बक्षीस समारंभ होता. आई छापखान्यातून तशीच आली, हात शाईने काळे, आणि माझं नाव पुकारल्यावर आनंदाने तिच्या तोंडून तो आवाज निघाला. तुला माहीत आहे कसला. सगळे वळून बघायला लागले. आमच्या बाईंनी मला विचारलं, कोण रे ती. मी म्हटलं, 'आमच्याकडे कामाला आहे.'

ती दूर उभी होती. मला वाटलं तिला कळलं नाही. ओठांवरून ती सगळं वाचते हे मला दहाव्या वर्षी माहीत नव्हतं का? होतं. पण कळलं नसेल, असं मी छत्तीस वर्षं धरून चाललो. त्या संध्याकाळी तिने मला नेहमीसारखं जेवायला वाढलं, पुढे कधी तोंडावर काही दाखवलं नाही. आणि तुझ्या फिल्ममध्ये ती घड्या घालता घालता हे सांगते, माझं तेव्हाचं तोंड करून दाखवते आणि हसते. खाली तू पाटी लावलीयस, 'माझ्या मुलाने सांगितलं, मी त्यांची कामवाली.' भिंगरे, हे माझ्या ऑफिसच्या सभागृहात, साहेबांपासून दारातल्या बाईंपर्यंत सगळ्यांसमोर? आणि आई पहिल्या रांगेत?

तेवढं काढ. दीड मिनिटाचं आहे, मी मोजलंय. बाकी सगळी फिल्म उत्तम आहे. मी एकशे बेचाळीस बघितल्या आहेत, मला कळतं. तू एवढं केलंस तर सव्वीस एप्रिलची संध्याकाळ मी सभागृहाच्या वहीत तुझ्या नावाने पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. आईची नजर आहे तोवर होऊन जाईल. नाही केलंस तर मी काय करणार हे मला स्वतःलाच सांगता येत नाही.

दादा


१२ एप्रिल

दादा,

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा संताप आला. तीन वर्षं कोऱ्या सह्यांच्या गठ्ठ्यावर बसून तू आम्हा तीनशे जणांना शेंड्या लावल्यास आणि वर आम्हाला जमात म्हणालास. ज्या अनोळखी माणसाला मी नमस्कार पाठवला, त्यानेच माझी फिल्म गाडली होती.

मग मी दुसरी गोष्ट केली, ती तुला सांगते, कारण तू सगळं सांगितलंस. मी दीड मिनिट काढून बघितलं. अर्ध्या तासात झालं. सांधा कुणाला दिसणार नाही इतका साफ बसला. सव्वीस तारीख, मोठा पडदा, भरलेलं सभागृह, सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी जवळजवळ हो लिहिलं होतं. माझ्यात आणि तुझ्या साहेबांत किती अंतर आहे ते मला त्या अर्ध्या तासात कळलं.

म्हणून सकाळी तू कामावर गेल्यावर तुमच्या घरी गेले आणि तुझं पत्र मावशीच्या हातात दिलं. माझ्या सगळ्या पत्रांच्या नकलाही दिल्या. हे तुला आवडणार नाही, पण फिल्म तिची आहे. भिंग धरून तिने सगळं दोनदा वाचलं, दोन तास लागले. मी विचारलं, कापू का. तिने मला हाताने गप्प बस म्हणून सांगितलं आणि कागद मागितला. लिहून झालं की धाडते म्हणाली.

भिंगरी


१५ एप्रिल

दोघांना एकच पत्र. दोनदा लिहिणं माझ्या डोळ्यांना झेपणार नाही. आधी दादाने वाचावं, मग भिंगरीला द्यावं.

तुम्ही चार महिने माझ्या डोळ्यांच्या नावाने एकमेकांशी भांडलात. यंत्र बिघडलंय असं मला दोघांनीही सांगितलंत. मी चौतीस वर्षं यंत्रांत काढली. यंत्र एवढे दिवस बिघडलेलं नसतं, माणसं असतात.

भिंगरे, तुला तुझी फिल्म सभागृहात हवी होती. त्यात वाईट काही नाही, तो तुझा हक्क आहे, पण तो तुझ्या नावाने माग. माझं आंधळेपण पुढे करून मागू नकोस. मी मोठा पडदा हवा असं लिहून दिलं, तेव्हा का हवा हे तू विचारलं नाहीस. माझे हात मी एकोणसत्तर वर्षं बघते आहे. ते मला भिंतीएवढे बघायची हौस नव्हती.

दादाची संस्था मी बघितलेली आहे. वर्धापनदिनाला त्याने मला एकदा नेलं होतं आणि चौथ्या रांगेत कडेला बसवलं होतं. एक मुलगी व्यासपीठावर तिच्या फिल्मबद्दल जीव तोडून बोलत होती. तिच्या मागे, व्यासपीठावरच्या खुर्च्यांवर बसलेले साहेब शेजारच्याला म्हणाले, ही अजून किती वेळ घेणार. शेजारचा म्हणाला, जेवण गार होतंय. मग कुणाच्या तरी जावयाच्या बदलीचं बोलणं निघालं, ते शेवटपर्यंत चाललं. लोकांना वाटतं, हळू बोललं की कुणाला कळत नाही. मुलीचं संपल्यावर सगळ्यांत आधी टाळ्या साहेबांनी वाजवल्या. असल्या माणसांनी माझी फिल्म बघितली काय आणि नाही काय. भिंगरे, तू त्यांच्या दारात अकरा वर्षं उभी होतीस याचं मला नवल वाटतं. आणि दादा, तू आत होतास याचं जास्त.

आता दादा, तुझं.

शाळेतलं मला तेव्हाच कळलं होतं. मला त्याचं दुःख झालं. ते बरेच दिवस राहिलं, मग तू आजारी पडलास, मग परीक्षा आल्या, मग तुझे वडील गेले, आणि तुला विचारायचं राहून गेलं. नंतर भीती वाटायला लागली की विचारलं तर तू माझ्याशी बोलायचा बंद होशील. माझ्याशी हातांनी बोलणारं घरात दुसरं कोण होतं?

भिंगरीने माझ्याकडून काही काढून घेतलेलं नाही. गॅलरीतलं मी ठरवून सांगितलं. आणि मोठा पडदा मी मागितला तो अशासाठी की त्याच्या उजेडात बसलेल्या माणसांची तोंडं दिसतात. मी पहिल्या रांगेत बसणार होते आणि ती जागा आली की मागे वळणार होते. तू नेहमीसारखा दाराशी उभा असशील, हे मला माहीत होतं. मला कळलं होतं हे तुला कळतंय, त्या क्षणी तुझं तोंड कसं होतं ते मला एकदा बघायचं होतं. नजर आहे तोवर. छत्तीस वर्षांत माझी तुझ्याकडे एवढीच मागणी होती, आणि ती तू आतून कडी लावून, मला न विचारता, एकट्याने उरकून घेतलीस.

सव्वीस तारीख वहीतून खोडून टाक. साहेबांना तिथे त्यांची वर्तुळं दाखवू दे.

रविवारी सकाळी दहाला भिंगरीने फिल्म घेऊन आपल्या घरी यावं. एक अक्षर कापलेलं नको. लहान पडदा जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि दादाने त्याच्यासमोर बसून पहिल्यापासून बघायची. मध्ये फोन घ्यायचा नाही, उठायचं नाही. मी पडद्याच्या कडेला, त्याच्याकडे पाठ करून तुझ्यासमोर बसेन. हाताच्या अंतरावरचं तोंड मला अजून स्वच्छ दिसतं.

आई